बेरीज

माझं स्पष्ट मत असं आहे की, चिपळुणात राहून जो माणूस मे महिन्यात ब्लूबेरी विकत आणतो त्याचं रेशनकार्ड निदान मृग लागेपर्यंत जमा करून घ्यावं. मत जरा कडक आहे. पण बँकेत वीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजल्यावर, ते कुठे आणि कशावर जातात याबद्दल माणसाला मतं होतातच.

हल्ली आमच्याकडे सुट्टीत 'क्रिस्प' करायची टूम निघाली आहे. ज्यांना क्रिस्प म्हणजे काय ते ठाऊक नसेल त्यांनी घाबरू नये. खाली फळं, वर पीठ, लोणी, साखर आणि ओट यांचा चुरा, आणि हे सगळं ओव्हनमध्ये ठेवायचं, की संपलं. खालच्या फळांचा आंबटगोड रस होतो आणि वरचा चुरा खुसखुशीत. लाटणं नाही, कातणं नाही, पाक नाही. चकलीसारखा हा पदार्थ कुणाचा कस पाहत नाही. आजपर्यंत चहापलीकडे ज्याची मजल गेली नाही त्या नवऱ्यालाही तो जमतो, यातच त्याची थोरवी आली.

याचा इंग्लंडातला सख्खा भाऊ म्हणजे क्रंबल. तो घरोघरी पोचला दुसऱ्या महायुद्धात. जानेवारी १९४० मध्ये तिथे रेशनिंग सुरू झालं आणि ते पार १९५४ पर्यंत चाललं. लोणी मोजून, साखर मोजून. पूर्वीसारखं पाय करायचं तर वरच्या पारीला पीठ आणि लोणी फार लागणार. तेव्हा तिथल्या बायकांनी पारीचा नाद सोडला, हाताशी होतं तेवढ्याचा चुरा केला आणि परसातल्या सफरचंदांवर नाहीतर कुंपणावरच्या काळ्या बेरींवर भुरभुरला. म्हणजे हा मुळात नडलेल्या संसाराचा पदार्थ. दारात जे पिकलंय ते वापरा, बाकी भागवून न्या, एवढंच त्याचं शास्त्र.

आता आपण या शास्त्राचं काय केलं ते पाहा. परवा माझी पुण्याची भाची क्रिस्प करणार म्हणून यादी घेऊन आली. ब्लूबेरीचे दोन डबे, गोठवलेली रासबेरी, ओट, बिनमिठाचं लोणी आणि 'ब्राऊन शुगर'. ज्या राज्यात कोल्हापूर आहे आणि कोल्हापुरात गूळ आहे, त्या राज्यात तपकिरी साखर पाकिटातून आणायची! ब्लूबेरीच्या एकेका डबीला दोन-तीनशे रुपये, आणि आत मोजून मूठभर फळं. तीही विमानाने आलेली, त्यामुळे जरा तोऱ्यातच असतात.

हा हिशेब चालू असताना दारात धनगराची म्हातारी टोपली घेऊन उभी होती. टोपलीत काळीभोर करवंदं, वर कुड्याची पानं. वीस रुपयांना द्रोण.

"घे की ही," मी भाचीला म्हटलं.

"मामा, बेरी हवीय. ही करवंदं आहेत."

"मग करवंद कोण आहे?"

"करवंद म्हणजे... करवंदच!"

पदवीधर मुलगी, पण उत्तरात तथ्य शून्य. आणि तिचं एकटीचं नव्हे, हे आपल्या सगळ्यांचंच उत्तर आहे. म्हणून जरा वनस्पतिशास्त्राची खातेवही उघडतो. फुलातल्या एकाच बीजकोषापासून झालेलं, गरात बिया असलेलं मऊ फळ म्हणजे बेरी. या व्याख्येत स्ट्रॉबेरी बसत नाही. तिचा आपण खातो तो लाल भाग हा फुलाचा फुगलेला देठ असतो, आणि खरी फळं म्हणजे वरचे ते बारीक दाणे. रासबेरीही बसत नाही, तो लहान लहान फळांचा गुच्छ. उलट टोमॅटो बेरी, मिरची बेरी, केळं बेरी आणि वांगंसुद्धा बेरी. आणि करवंद? अस्सल, नियमात बसणारी बेरी! म्हणजे ज्याचं खातं त्यालाच काउंटरवरून परत पाठवायचं आणि भलत्याच नावावर पैसे द्यायचे, असा हा प्रकार. आमच्या शाखेत असं झालं असतं तर चौकशी लागली असती.

माझं स्ट्रॉबेरीशी वैर नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण तो थंडीतला मेवा. मे महिन्यात आंबेनळीपासून परशुरामापर्यंत घाटांची वळणं घेत ती चिपळुणात उतरते तेव्हा तिचा निम्मा जॅम वाटेतच झालेला असतो. आणि इथे बघावं तर सड्यावर करवंदं, परसात रातांबे, रस्त्याकडेला जांभळं. चार पावलांवर दुकान, वर मालाला भाडं नाही.

तर करवंदांचा क्रिस्प. तीन वाट्या पिकलेली करवंदं मिठाच्या पाण्यात धुवावीत, हाताला तेलाचं बोट लावून ती उभी चिरावीत आणि बिया काढाव्यात. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून ते मुलांवर सोपवावं. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, एवढं सांगितलं की पाव किलो करवंदं बोलता बोलता चिरून होतात. (पाव किलो पोटातही जातात, म्हणून आणतानाच दुप्पट आणावीत.) त्यात पाऊण वाटी गूळ, वेलची आणि चिमूटभर मीठ. रस दाट व्हावा म्हणून पुस्तकात कॉर्नफ्लोअर सांगतात, त्याची इथे गरज नाही. करवंदात पेक्टिन भरपूर, म्हणून तर त्याची जेली लागते. रस आपला आपण आळतो.

वरच्या चुऱ्याला ओट नसले तर अडत नाही. वाटीभर जाडे पोहे कोरडेच भाजून हाताने चुरडावेत. त्यात वाटीभर कणीक, अर्धी वाटी किसलेला गूळ, मूठभर काजूचे तुकडे आणि अर्धी वाटी थंडगार लोणी. हे बोटांच्या टोकांनी चोळायचं, पण मळायचं नाही! आमच्या गृहिणींना नेमकं हेच अवघड जातं, पीठ दिसलं की हात मळायला धावतात. मळलं की कणकेला चिवटपणा येतो आणि क्रिस्पची दशमी होते. लोणी पिठाच्या कणाकणाला नुसतं माखलं, म्हणजे चुरा रवाळ राहतो. १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं, कडेने जांभळा रस बुडबुडायला लागेपर्यंत. मग वीस मिनिटं निवू द्यायचं, रस दाट होतो तो तेव्हा. ही वीस मिनिटं पदार्थाजवळ पहारा लागतो.

"पण आमच्याकडे ओव्हन नाही," असं म्हणून सुटू पाहणाऱ्यांना दोन शब्द. आपल्या आज्या तवशाचं धोंडस करीत ते कुठल्या ओव्हनमध्ये? खाली निखारे, झाकणावर निखारे. गॅसवर करायचं तर जाड कढईत वाळू तापवून आत भांडं ठेवावं. फक्त तिथे वरून आच नसते, म्हणून चुरा वेगळा मंद आचेवर लालसर परतून शेवटी घालावा. यंत्राची सबब बँकेतही चालते, पण घरात ती चालू देऊ नये.

काही जाणती मंडळी म्हणतील, करवंदं ही जाळीत शिरून, ओरखडे काढून घेत खायची वस्तू, तिला भट्टीत कशाला घालता? त्यांना माझा नमस्कार. त्यांनी आधी तशीच खावीत. पण करवंदं दुसऱ्या दिवशी मलूल होतात. म्हातारी संध्याकाळी उरलेली टोपली घेऊन घरी जाते, तेव्हा त्या करवंदांचं काय होतं, याचा विचार या जाणत्यांनी केलाय का? पिकलेल्या मालाला शिजवणारं गिऱ्हाईक नसेल, तर तो विकणाऱ्याचा तोटा ठरलेला.

आणि माझं खरं भांडण इथेच आहे. ज्या फळाला गिऱ्हाईक नाही, त्याच्या जाळीला राखण नाही. हापूसच्या बागेला कुंपण असतं, राखणदार असतो. करवंदाची जाळी कुणाच्याच जमाखर्चात नाही. म्हणून ती उन्हाळी वणव्यात जळते, चिरेखाणीसाठी उखडते, प्लॉट पाडायला आलेल्या जेसीबीखाली जाते, आणि आपण म्हणतो, बरं झालं, झुडपं साफ झाली. साफ काय झालं? त्या काट्यांच्या आडोशाला ऐन, किंजळीची रोपं गुरांच्या तोंडातून वाचतात, बुलबुल घरटी करतात, उतारावरची माती धरून राहते. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून चिपळूणकर उपोषणाला बसले, आणि ते बरोबरच होतं. पण तो गाळ काही आकाशातून पडला नव्हता, डोंगरावरूनच उतरला होता. करवंदाची जाळी महापूर अडवील असं मी म्हणत नाही, कॉमर्सच्या माणसाने तेवढं धाडस करू नये. उघड्या डोंगराची माती मात्र कुठेतरी जमा होणारच, हे नावे-जमेचं साधं तत्त्व आहे.

म्हणून म्हणतो, दोन-तीनशेच्या डबीऐवजी वीसचे चार द्रोण घ्या, आणि कृपा करून त्यात घासाघीस करू नका. विमानातून आलेल्या फळापुढे आपण मुकाट्याने पाकीट उघडतो. सड्यावरून चार मैल डोक्यावर आलेल्या फळापाशीच आपल्याला काटकसर आठवते.

हे सगळं पावसाच्या आत उरकावं. पहिल्या सरीनंतर करवंदाला पाणी लागतं, चव जाते आणि आत अळी येते. चिरताना हाताला जांभळे डाग पडतील, ते दोन दिवस जात नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी विचारलं, तर खुशाल सांगावं, काल घरी बेरीज करत होतो.