हिशेब आफ्रिकेचा, पावती कनेरगावची

एचआयव्ही रोखायचा तर पुरुषांची सुंता करा, हा सल्ला कुणा भोंदूचा नाही. दक्षिण आफ्रिकेतलं ऑरेंज फार्म, केनियातलं किसुमू आणि युगांडातलं राकाई इथे रीतसर चाचण्या झाल्या. बाईकडून पुरुषाला होणारी लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली ते मान्य केलं. पुरावा पुण्यातही आहे. गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या २,२९८ पुरुषांच्या तिथल्या अभ्यासात सुंता झालेल्यांना लागणीचा धोका जवळपास सातपट कमी दिसला. २००४ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तेव्हा ‘हे परधर्माचं खूळ’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. माझं भांडण शास्त्राशी नाही, त्यावर बेतलेल्या जमाखर्चाशी आहे.

तो जमाखर्च असा. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांसाठी २०११ साली अंदाज मांडला गेला: २०२५पर्यंत पावणेतीन कोटींहून जास्त सुंता, खर्च दोन अब्ज डॉलर, टळणाऱ्या लागणी ३३ लाखांवर आणि उपचारांचे वाचणारे साडेसोळा अब्ज. इतकं स्वस्त आहे, मग आपल्याकडे का नको, असं विचारणारे विचारतात.

भागाकार करून बघा. तिथे साडेआठ-नऊ शस्त्रक्रियांमागे एक लागण टळते. हा गुण एकट्या सुंतेचा नाही, तिथल्या साथीचाही आहे. एस्वातिनीत साधारण चार प्रौढांमागे एक बाधित. भारतात पाचशेंत एक. शस्त्रक्रिया तीच, टाके तेच, पण एक लागण टाळायला इथे शेकडो माणसं टेबलावर घ्यावी लागतील. ग्रामीण रुग्णालयात सर्जन मिळायची मारामार. त्याला या कामाला जुंपलं तर हर्निया आणि सिझेरियनवाल्यांनी कुठे जायचं? आणि सरकारने पुरुषांच्या शस्त्रक्रियांचं ‘टार्गेट’ ठरवलं की काय होतं, ते आणीबाणीतल्या नसबंदीने गावोगाव दाखवलंय. गेलेल्या विश्वासाची किंमत कुठल्याच तक्त्यात येत नाही.

आता कनेरगाव नाक्यावर या. अकोल्याहून वाशिम, हिंगोली, नांदेड करत हैदराबादकडे जाणारा हा रस्ता. ज्याची सुंता करायची तो ट्रकवाला इथे ढाब्यावर टेकतो, जेवतो, टायरवर टॉमी ठोकून हवा बघतो आणि निघतो. सुंतेनंतर सहा आठवडे संबंध टाळायचे असतात, जखम जपायची असते. तापलेल्या सीटवर, इंजिनाशेजारी बसून? आणि घाईघाईत जखम ओली असतानाच संबंध आला तर धोका उलट वाढू शकतो.

शिवाय घरची बाई. राकाईतच पुढे बाधित पुरुषांची सुंता करून पाहिली. त्यांच्या बायकांना संरक्षण मिळालं नाही. २००९ साली ते निष्कर्ष आले. नवऱ्याकडून लागण घेऊन बसलेल्या बायका आपल्याकडे काय थोड्या आहेत? त्यांच्या पदरात ही योजना काय टाकणार?

पदरात टाकण्यासारखं आहे, आणि त्याची परीक्षाही पुण्यात झालेली आहे. अनेक देशांत चाललेल्या चाचणीत पुणे एक केंद्र होतं. बाधिताला एचआयव्हीविरोधी गोळ्या लवकर सुरू केल्या तर जोडीदाराला होणारी लागण तब्बल ९६ टक्क्यांनी घटते, असं २०११ साली निघालं. नवरा असो की बायको, ज्याला लागण आहे त्याने गोळी घेतली की दुसरा वाचतो. भारतात ही औषधं २००४पासून मोफत आहेत. २०१७पासून रोगप्रतिकारक पेशींचा आकडा न बघता प्रत्येक बाधिताला सुरू करायचं धोरण आहे. निरोध तर त्याहून स्वस्त, आणि तो दोघांनाही राखतो.

मग पैसा कुठे कमी पडतो? गोळी फुकट असली तरी हिंगोलीला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. ऊसतोडीला कोयता घेऊन परमुलखात गेलेल्या जोडप्याची गोळी हंगामाच्या मध्येच संपते. ट्रक थांबतो रात्री आणि तपासणी चालते दिवसा. खर्च वाढवायचाच तर इथे वाढवा: ढाब्यावर रात्रीची तपासणी, हंगामभर पुरतील इतक्या गोळ्या हातात, येण्याजाण्याचं भाडं. समजून-उमजून कुणी सुंता मागितली तर तीही जरूर करून द्या; पण तिच्यासाठी वेगळी मोहीम काढून या कामांच्या तोंडचा पैसा काढू नका.