लॉजचा नवा मेंबर

"मी लॉजचा मेंबर झालोय" असं मराठी माणसाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो - एसी रूमचं भाडं किती? आपल्याकडे लॉज म्हणजे एसटी स्टँडसमोरचं! तेव्हा आधीच सांगून टाकतो, हे फ्रीमेसन लोकांचं लॉज. मुंबईत फोर्टमध्ये त्यांचा जुना हॉल आहे, आणि ग्रँड लॉज ऑफ इंडिया ही त्यांची देशपातळीवरची संस्था १९६१ साली स्थापन झाली. पुण्यातल्या अशाच एका लॉजमध्ये मला आता सव्वा वर्ष झालं.

खुणा, परवलीचे शब्द वगैरे इथे सांगणार नाही. तशी शपथच आहे. (इंटरनेटवर सगळं सापडतं, तो भाग वेगळा.) मला बोलायचंय ते नवा माणूस रुळतो कसा याबद्दल. आमच्या धंद्यात त्याला इंडक्शन म्हणतात आणि ते दोन दिवसांत उरकतं. लॅपटॉप, आयडी कार्ड, चार प्रेझेंटेशन्स आणि "वेलकम टू द फॅमिली". प्रोजेक्ट संपला की फॅमिलीही संपते. नोकरीसाठी शहरात आलेल्या पोराला ऑफिसबाहेर ओळखणारी माणसं असतात किती? बाविशीत हे जाणवत नाही. तिशी जवळ आली, निम्मे मित्र अमेरिकेला गेले, उरलेले संसाराला लागले, की रविवार फार लांबलचक वाटायला लागतो.

लॉजमध्ये नव्या माणसाचं स्वागत भाषणाने झालं, तसंच कामानेही झालं. नव्या मेंबरला बरेचदा स्टुअर्ड करतात, म्हणजे मीटिंगनंतरच्या जेवणात वाढपी. इंजिनियरिंग करून शेवटी वाढपी? पण आपल्या लग्नाची पंगत आठवा. जेवायला बसलेला पाहुणा अनोळखीच राहतो, वाढणाऱ्याला मात्र तासाभरात सगळे हाका मारायला लागतात. चार मीटिंगांत मला पाठ झालं की कोणाला साखर चालत नाही आणि कोण कांदा-लसूण खात नाही. त्यांनाही माझं नाव पाठ झालं.

दुसरी गोष्ट पाठांतराची. पायऱ्या तीन - एंटर्ड ॲप्रेंटिस, फेलो क्राफ्ट, मास्टर मेसन. पुढची पायरी चढण्याआधी ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं सगळ्यांसमोर तोंडपाठ द्यायची. त्यासाठी सत्तरीतले एक निवृत्त बँक अधिकारी माझी उजळणी घ्यायचे. त्यांना लॉजमध्ये 'ब्रदर' म्हणावं लागतं आणि बाहेर आलो की तोंडातून 'काका' निघतं! पाठांतर हे निमित्त. खरी गोष्ट म्हणजे एका म्हाताऱ्या आणि एका तरुण माणसाने, काही देणंघेणं नसताना, तासन्‌तास एकत्र बसणं. पहिल्या पायरीच्या हत्यारांत एक चोवीस इंची पट्टी असते. तिचा अर्थ, दिवसाचे चोवीस तास प्रार्थना, काम, विश्रांती आणि अडल्यानडल्याला मदत यांत नीट वाटा. टाइमशीट भरणाऱ्याला ही पट्टी लगेच कळते. फक्त आमच्या टाइमशीटमध्ये त्या शेवटच्या कामाला कोड नसतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मास्टरची खुर्ची कोणाच्या मालकीची नसते, साधारण वर्षाने माणूस बदलतो. दाराबाहेर तलवार घेऊन उभं राहणाऱ्याला टायलर म्हणतात, आणि अनेक लॉजमध्ये हे काम माजी मास्टरच करतात. आता आपल्या सोसायटीचे किंवा मंडळाचे माजी अध्यक्ष गेटवर उभे आहेत अशी कल्पना करून बघा. नवीन पोरं येत नाहीत म्हणून आपण रडतो, पण जुना उठल्याशिवाय नव्याने बसायचं कुठे?

म्हणून माझं मत असं, की जवळीक "आपलं समजा" म्हटल्याने होत नाही. नव्याला खरं काम आणि जुन्याला सन्मानाने खाली उतरायची जागा दिली की ती होते. यात गुप्त काहीच नाही. मंडळ, ट्रेकिंग ग्रुप, वाचनालय, कोणीही हे उचलावं.

आता दुसरी बाजू. भाऊ म्हणवणाऱ्यांनी दार नेहमी उघडं ठेवलं असं नाही. माणकजी करसेटजी पॅरिसमध्ये मेसन होऊन आले, तरी त्यांना मुंबईतल्या गोऱ्यांच्या लॉजमध्ये जागा मिळेना. शेवटी १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने भारतीयांना घेणारं 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' निघालं. बंगालमध्ये प्रसन्नकुमार दत्त यांना तर १८७२ पर्यंत झगडावं लागलं.

माझी धाकटी बहीण बंगलोरला आयटीतच आहे. तिचाही रविवार लांबलचकच असतो. हे सगळं ऐकून तिने विचारलं, "मला घेतील का रे?" नाही घेणार. आमच्याकडे फक्त पुरुष. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी को-मेसनरी वेगळी आहे, ॲनी बेझंट १९०२ मध्ये तिच्यात दाखल झाल्या होत्या. लॉजमध्ये विचारलं तर 'परंपरा' हे उत्तर मिळतं. पण माणकजींसाठी दार बंद ठेवणाऱ्यांकडेही काहीतरी कारण असणारच की! मला हे पटत नाही, आणि ते मी काकांना, सॉरी, ब्रदरना सांगितलंय. ते म्हणाले, "आधी तिसरी पायरी चढ, मग बोलू."

चढतो. पण बोलणार नक्की.