इतिहासाच्या तासाला नकाशा कुठंय?

सहावी-सातवीतल्या कुठल्याही मुलाला मोहेंजोदडोबद्दल विचारून बघा. महास्नानगृह, पक्क्या विटा, झाकलेली गटारं, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते, सगळं घडाघडा सांगेल. मग त्याच्यासमोर नकाशा ठेवा आणि म्हणा, ‘दाखव बरं, कुठंय ते?’ बोट आधी गुजरातवर जाईल, मग राजस्थानात घुटमळेल. मोहेंजोदडो आज पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात आहे हे त्यानं वाचलेलं असतं, पण नकाशात कधी शोधलेलं नसतं. आणि ‘एवढं मोठं शहर तिथंच का वसलं असेल?’ असं विचारलंत, तर बहुतेक उत्तर येईल, ‘हे आम्हाला परीक्षेला नाहीये.’

यात त्या पोराचा काही दोष नाही. आपणही असेच शिकलो. इतिहासाची वही वेगळी, भूगोलाची वेगळी. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचे ४० गुण, भूगोलाचे ४० गुण. सनावळ्या एका कप्प्यात, नद्या आणि पर्वत दुसऱ्या कप्प्यात. खरं तर तुमच्यापैकी राज्य मंडळात शिकलेल्या अनेकांनी सहावीला इतिहासाचं जे पुस्तक वाचलं, त्याचा पहिलाच धडा ‘भारतीय उपखंड आणि इतिहास’ हा होता. म्हणजे जमीन आणि माणसाची गोष्ट एकच आहे, हे पुस्तकानं पहिल्याच पानापासून सांगितलं होतं. पण आठवतोय का तो धडा? बहुतेक वर्गांत तो पहिल्या आठवड्यात उरकला जातो आणि मग गाडी हडप्पा, वेद, महाजनपदं, मौर्य अशी सुसाट सुटते. एनसीईआरटीनं २०२४ मध्ये सहावीसाठी इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांचं मिळून एकच पुस्तक काढलं. पाऊल चांगलंच आहे. पण पुस्तक एक झालं म्हणून शिकवणं एक होत नाही. त्यासाठी फळ्याशेजारी नकाशा टांगावा लागतो आणि ‘इथंच का?’ हा प्रश्न रोज विचारावा लागतो.

या एका प्रश्नानं काय फरक पडतो ते बघा. प्राचीन संस्कृती नदीकाठी बहरल्या, हे वाक्य आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण नदी नदीत फरक असतो. नाईलला पूर यायचा तो इथिओपियाच्या डोंगराळ भागातल्या उन्हाळी पावसामुळे. इजिप्तमध्ये ते पाणी जुलै-ऑगस्टमध्ये चढायचं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ओसरायचं. तोवर आधीचं पीक घरात आलेलं असायचं. मागं उरायचा गाळ, त्यात पेरणी करायची. याउलट तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांना पूर यायचा वसंतात, डोंगरावरचं बर्फ वितळल्यावर. म्हणजे नेमकं पीक काढणीला आलेलं असताना! आणि पेरणीच्या वेळी मात्र पात्रात पाणी कमी. त्यामुळे मेसोपोटेमियातल्या शेतकऱ्याला बांध घालणं, कालवे काढणं आणि दरवर्षी त्यांतला गाळ उपसणं याला पर्यायच नव्हता. दोन्हीकडे नदी, दोन्हीकडे सुपीक गाळ. पण एकीकडे पूर वेळेवर येणारा पाहुणा, तर दुसरीकडे भलत्या वेळी दार ठोठावणारा. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. काढणीच्या वेळी आलेला पाऊस काय करतो, हे त्यानं घरीच बघितलेलं असतं.

आता दगडाचं घ्या. इजिप्तमध्ये नाईलच्या दोन्ही बाजूंना दगड मुबलक. म्हणून पिरॅमिड. दक्षिण मेसोपोटेमियात सगळा गाळाचा सपाट प्रदेश, दगड नाही, चांगलं लाकूड नाही. हाताशी काय? तर चिखल. म्हणून मातीच्या विटांची मंदिरं आणि मातीच्याच पाट्यांवर लिहिलेले हिशेब. हडप्पा संस्कृतीत तर एकाच संस्कृतीची दोन रूपं दिसतात. मोहेंजोदडो सिंधूच्या गाळावर, म्हणून विटांचं. कच्छच्या खदिर बेटावरच्या धोलाविरात दगड हाताशी, म्हणून तिथं बरंचसं बांधकाम दगडाचं. आणि पाऊस तुटपुंजा असल्यानं दोन हंगामी ओढ्यांचं पाणी अडवून भरलेले मोठमोठे जलाशय. धोलाविराला २०२१ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण ते फोटो स्टेटसला ठेवले. पण तिथल्या माणसांनी पाण्याची एवढी तजवीज का केली, हे नकाशा आणि पर्जन्यमान बघितल्याशिवाय कळत नाही.

इथं एक सावधगिरी हवी. ‘जशी जमीन तशी संस्कृती’ असं सरसकट सूत्र मुलांच्या हातात दिलं, तर तेही पाठांतरच होईल. नाईलकाठी राजांसाठी डोंगराएवढी थडगी उभी राहिली. सिंधूकाठीही मोठी नदी होती, गाळ होता, धान्य होतं. पण तिथं नक्की कुणा राजाचं म्हणता येईल असं थडगं सापडलेलं नाही. का बरं? याचं उत्तर भूगोलात नाही. तिथल्या माणसांनी समाज कसा बांधला, सत्ता कुणाच्या हातात होती, यात ते शोधावं लागेल. जमीन माणसापुढे काही वाटा ठेवते, निवड माणूस करतो. बारा वर्षांच्या मुलांना हे पेलतं. फक्त त्यांच्यापुढे दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवायला हवेत.

आणि हे सगळं शिकायला इजिप्तपासूनच सुरुवात करायची गरज नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८२ या काळात तिथं उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. तिथं साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं आख्खं गाव सापडलं. घरं, चुली, धान्याच्या कणग्या, जळून काळे झालेले सातूचे दाणे, पुराचं पाणी वळवायला घातलेला बांध आणि पाट. दगावलेल्या लहान मुलांना दोन मडक्यांची तोंडं जुळवून, त्यात ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत. हे ऐकल्यावर वर्ग गप्प होतो, आणि मग प्रश्नांचा पाऊस पडतो.

इनामगावच्या गोष्टीचा शेवट तर जास्त महत्त्वाचा आहे. सुरुवातीला मोठी चौकोनी घरं बांधणारी ही माणसं पुढं लहान गोल झोपड्यांत राहू लागली. शेती आक्रसली, गुरंढोरं पाळण्यावर आणि शिकारीवर भर वाढला. इसवी सनापूर्वी ७००च्या सुमाराला गाव उठलं. पाऊस कमी होत गेला आणि त्यामुळे ही उतरण लागली, अशी मांडणी ढवळीकरांनी केली. शिरूर हा आजही कमी पावसाचा टापू आहे. उन्हाळ्यात टँकर बघत मोठ्या होणाऱ्या मुलीला जर कळलं, की आपल्याच तालुक्यात तीन हजार वर्षांपूर्वी पाण्यावरून एका गावाचं असं झालं, तर तिला इतिहास हा परीक्षेपुरता विषय वाटेल का?

तसंच दायमाबाद. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी. १९७४ साली तिथल्या एका शेतकऱ्याला जमिनीत धातूच्या चार वस्तू मिळाल्या. बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही मिळून वजन ६० किलोंहून जास्त. या वस्तूंच्या नेमक्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण वर्गात विचारण्यासारखं किती आहे! प्रवरेकाठी तांब्याची खाण नाही, मग एवढं तांबं आलं कुठून? कुठल्या वाटेनं? आज या भागात गेंडा नाही, मग घडवणाऱ्यानं तो पाहिला कुठं? इथंच असेल, की दूर कुठं बघून आला असेल? या प्रश्नांना एक ठाम उत्तर नाही. पण उत्तर शोधायला मुलं आपण होऊन नकाशा उघडतील.

आणि नाणेघाट? पावसाळ्यात तुमच्यातले निम्मे तिथं असता. उलटा धबधबा, दाट धुकं, रील. तिथल्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे आणि त्यात भारतातले काही फार जुने अंक कोरलेले आहेत. वरच्या बाजूला दगडी रांजण आहे, तो जकातीसाठी असावा असं मानतात. आता उभे राहून खाली बघा. पायथ्याला कोकण, तिकडं सोपारा आणि कल्याण ही बंदरं, पाठीमागं जुन्नर, पुढं पैठण आणि तेर. सह्याद्रीची भिंत आडवी पसरलेली आणि तिच्यात ही एक खाच. सातवाहनांचा व्यापार, जकात, लेणी, सगळं त्या खाचेतून गेलं. पुस्तकातली चार पानं तिथं दहा मिनिटांत समजतात.

हे सगळं तुम्हाला का सांगायचं? तुम्ही काही शाळेत नाही, मग याच्याशी तुमचा संबंध काय? संबंध दोन आहेत.

पहिला म्हणजे रोज तुमच्या फोनवर येणारे फॉरवर्ड. अमुक संस्कृती दहा हजार वर्षं जुनी, तमुक लिपी कुणीतरी वाचली, अमक्यांचा शोध तमक्यांनी चोरला. हडप्पाची लिपी अजून सर्वमान्य रीतीनं कुणालाही वाचता आलेली नाही. पण ज्यानं इतिहास फक्त उत्तरं म्हणून पाठ केला, त्याला फॉरवर्डमधलं उत्तरही तितकंच खरं वाटतं. ‘हे कशावरून?’ हा प्रश्न विचारायची सवय बाराव्या वर्षी लागली तर लागली. १८५०च्या दशकात हडप्पाच्या विटा लाहोर-मुलतान रेल्वेमार्गासाठी खडीसारख्या वापरल्या गेल्या, कारण त्या किती जुन्या आहेत हे कुणाला ठाऊकच नव्हतं. हडप्पा संस्कृतीची बातमी जगाला कळली ती थेट १९२४ मध्ये. माहिती कशी मिळते आणि कशी हरवते, हे मुलांना सांगितलं तर ती आपोआप सावध होतात.

दुसरा संबंध अधिक थेट आहे. तुमच्यातले कितीतरी जण शिकवण्या घेतात. कुणी शनिवार-रविवारी वस्तीतल्या मुलांना शिकवतं, कुणी एनएसएसच्या शिबिराला खेड्यात जातं, कुणी उद्या बी.एड. करणार आहे. आणि काहीच नाही तरी घरात धाकटं भावंडं असतंच. शाळेतल्या शिक्षकांना नावं ठेवणं सोपं आहे. पण वर्गात साठ मुलं, अभ्यासक्रम संपवायची घाई, वर निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामं. त्यांच्याकडे जो निवांत अर्धा तास नसतो, तो तुमच्याकडे आहे.

त्या अर्ध्या तासात करायचं काय? धडा वाचण्याआधी मुलांपुढे देशांची नावं आणि सीमा नसलेला, फक्त नद्या-डोंगर दाखवणारा नकाशा ठेवा. म्हणा, ‘तुमच्याबरोबर पाचशे माणसं आहेत, गाव कुठं वसवाल?’ भांडू द्या त्यांना. मग धडा उघडा आणि खरी माणसं कुठं वसली ते बघा. नाईलचा ‘वरचा इजिप्त’ नकाशात खाली का असतो, ते त्यांनाच शोधू द्या. इराकमधल्या उर शहराच्या थडग्यांत सिंधू खोऱ्याकडून आलेले लालसर दगडाचे मणी मिळाले, तेव्हा त्या मण्यांचा प्रवास बोटानं काढायला लावा. जमिनीवरून नेले असतील की समुद्रातून, यावर वाद होईल, होऊ दे. शिबिराला जाल त्या गावाजवळ एखादं पांढरीचं टेकाड, जुना घाट, लेणं असेल तर मुलांना घेऊन जा. फक्त खापराचा तुकडाही उचलून घरी आणायचा नाही आणि उकरायचं तर मुळीच नाही, हे आधी बजावा. वस्तू जागेवरून हलली की तिची अर्धी गोष्ट जाते.

याला पैसे लागत नाहीत, स्मार्टबोर्ड लागत नाही. एक नकाशा लागतो आणि मुलानं ‘माहीत नाही’ म्हटल्यावर न रागावता ‘चल, बघू’ म्हणणारं कुणीतरी लागतं. पुस्तकं बदलायला वर्षं लागतील, परीक्षा बदलायला त्याहून जास्त. तोवर आज सहावीत असलेलं पोर दहावी होऊन कॉलेजात आलेलं असेल, आणि त्याच्याही फोनवर तेच फॉरवर्ड येत असतील. त्याच्यासाठी यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीतला एक अर्धा तास काढा.