जातीचा ड्रॉप-डाउन

आपल्या पिढीचं एक लाडकं वाक्य आहे : "आपण बुवा जातपात मानत नाही." हे म्हणणारा बहुधा इंजिनिअर असतो, पगार बरा असतो, पुण्यात फ्लॅटचं बघणं चालू असतं. मग अठ्ठाविसावं लागतं, घरचे विवाहाच्या साइटवर प्रोफाइल टाकायला बसतात आणि जातीचा ड्रॉप-डाउन समोर येतो. तिथे मात्र आमच्या पुरोगामी मित्राला एकदम संस्कृती आठवते!

माझीही प्रोफाइल सध्या घरी तयार होते आहे, म्हणून हा विषय डोक्यात आहे.

या फिल्टरची गंमत बघा. तो लावला की बाकीची माणसं नाकारली जात नाहीत, ती दिसतच नाहीत. कुणाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही, त्यामुळे आपण काही वाईट केलं असं वाटतही नाही. इतकी स्वच्छ अस्पृश्यता पेशवाईतही जमली नसेल. जे जरा पुढारलेले असतात ते ‘कास्ट नो बार’ लिहितात आणि शेवटी हळूच जोडतात, ‘एससी/एसटी क्षमस्व’. म्हणजे दार सताड उघडं आहे, फक्त ज्यांच्यासाठी उघडायला हवं होतं त्यांनी सोडून सगळ्यांनी यावं.

आणि हे आम्ही नागपुरात बसून करतो! याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. आजही दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. आमच्या कॉलनीला तो दिवस ठाऊक असतो तो ट्रॅफिक वळवतात म्हणून.

याच बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं होतं. मंडळाला मजकूर झेपला नाही, भाषण झालंच नाही, शेवटी त्यांनी ते स्वतःच्या खर्चाने छापलं. त्यात त्यांनी स्वच्छ सांगितलंय की नुसत्या सहभोजनाने भागणार नाही, जातीवरचा खरा उपाय आंतरजातीय विवाह. रोटीव्यवहार तर झाला. कँटीनमध्ये आपण सगळ्यांचे डबे खातो. बेटीव्यवहाराचं काय? भारत मानव विकास सर्वेक्षणानुसार २०११-१२ मध्ये देशात आंतरजातीय लग्नं होती सुमारे ५ टक्के. शंभरात पाच.

"अरे, पण लग्न हा खाजगी मामला आहे, त्यात देशाची प्रगती कुठून आली?" सांगतो. घर, जमीन, धंद्याचं भांडवल, पहिल्या नोकरीची ओळख, अडीअडचणीला मिळणारे उसने पैसे, हे सगळं आपल्याकडे नात्यांतून फिरतं. नाती जातीत बंद असली की हेही जातीत बंद. ज्याच्या नात्यात कुणी सीए नाही, बिल्डर नाही, ‘आमच्या कंपनीत रेझ्युमे टाक’ म्हणणारा मामेभाऊ नाही, तो कितीही हुशार असला तरी दहा पावलं मागून सुरुवात करतो. अर्धा देश असा मागे ठेवून आपण महासत्ता व्हायच्या गप्पा मारतो.

आणि या कुंपणाला राखणदारही असतात. २८ एप्रिल २०१४ ला नगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी तो बोलतो, हा संशय पुरला. खटल्यात साक्षीदार उलटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. फिल्टर लावणारा काही खुनी नाही, मान्य. पण ‘आपली मुलगी आपल्यातच’ हा नियम दोघांचा एकच. आपण तो माऊसने पाळतो.

आता नेहमीचे मुद्दे. "आरक्षण आहे तोवर जात जाणार नाही." अहो, शाहू महाराजांनी कोल्हापुरात आरक्षण दिलं १९०२ मध्ये. त्याआधी काय जात नव्हती? "खाणंपिणं, रीतिरिवाज जुळायला हवेत." पंजाबी, तमिळ रूममेटबरोबर सहा-सहा वर्षं जुळवून घेता ना? "आई-बाबांना त्रास होईल." होईल. आयटीसाठी घर सोडलं तेव्हाही झाला होता, तेव्हा आपण थांबलो नाही.

तरी मला आशा वाटते, आणि ती उगाच नाही. कायद्याने बरंच करून ठेवलंय. १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला. आंतरजातीय जोडप्यांना राज्याकडून मिळणारी मदत २०१० मध्ये ५०,००० रुपये झाली. खड्डे बुजवायला महापालिका लागते, धरणाला सरकार लागतं; आपण दर शनिवारी त्यांच्या नावाने बोटं मोडतो. हे एकच काम असं आहे की ज्याला टेंडर लागत नाही, मंत्री लागत नाही. ज्यांची लग्नं व्हायची आहेत त्यांनीच ते करायचं आहे.

मी घरी सांगितलंय, माझ्या प्रोफाइलमध्ये जातीचा फिल्टर नको. दोन आठवडे झाले, आई कामापुरतंच बोलते आहे. नातेवाइकांकडून येणारी स्थळं कमी होतील. होऊ देत.

तुमचीही प्रोफाइल कुठे असेल तर आज लॉगिन करा आणि तो रकाना कुणी भरलाय ते बघा. स्वतः भरला असेल, तर निदान "आपण जात मानत नाही" हे वाक्य तरी सोडून द्या.