एका कपाची कॉफी

बाभुळगावच्या शाळेत मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. पाणी शंभर अंशांवर उकळते, हे मी हजारो मुलांकडून घोकून घेतले असेल. पण आमच्या घरात ते कोणत्या पातेल्यात उकळते, हे मला निवृत्तीनंतरही ठाऊक नव्हते. या सदराच्या जुन्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. स्वयंपाकघर हा आमच्या सौभाग्यवतींचा मुलूख, आणि मी तिथला केवळ पाहुणा.

या मुलुखात गेल्या उन्हाळ्यात एक यंत्र आले. झाले असे, की सौ. अंगणात पाय घसरून पडल्या आणि उजवे मनगट मोडले. प्लॅस्टर निघाले, तरी भरले पातेले उचलताना हात थरथरू लागला. ही वार्ता फोनवरून पुण्यास पोचली आणि चिरंजीवांनी तिकडून एक खोके धाडले. पाठोपाठ त्यांचा फोन. "आई, आता कॉफीसाठी ओट्याशी उभं राहायला नको. कुपी टाकायची, बटण दाबायचं, की कप तयार!"

सौ. नी फोन ठेवला आणि खोक्याकडे पाहत म्हटले, "म्हणजे माझी कॉफी आता नको झाली का याला?"

मी हसलो. हसायला नको होते, हे पुढे कळले.

आमच्याकडे चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाची. पाहुणे, आजारपण, नाही तर परीक्षेची रात्र. दूध-साखर उकळायची, चिकोरी घातलेली पूड टाकून वर झाकण ठेवायचे, गाळायची आणि सहाणेवर जायफळाचे दोन वळसे उगाळून घालायचे. चिरंजीवांनी दहावीचा अभ्यास या कॉफीवरच केला. जायफळाने झोप येते म्हणतात. त्यांचे गणिताचे गुण पाहता ते खरे असावे.

आता यंत्राविषयी. विज्ञानाच्या मास्तराला नवे यंत्र म्हणजे दिवाळीच! मागे पाण्याची टाकी, पुढे कप ठेवायची जागा, मध्ये कुपी घालायचा खाचा. कुपी ॲल्युमिनियमची, आत जेमतेम पाच ग्रॅम कॉफी. बटण दाबले की सुया कुपीला भोके पाडतात, पंप जोर करतो, नव्वद अंशांच्या आसपास तापलेले पाणी मोठ्या दाबाने पुडीतून घुसते आणि अर्ध्या मिनिटात दोन-तीन घोट काळी कॉफी वर तांबूस फेस घेऊन उतरते. दूध आपले आपण घालायचे.

ही कल्पना एरिक फाव्र या स्विस अभियंत्याची. तो नेस्ले कंपनीत होता. इटालियन कॉफीवाल्यांची करामत घरच्या ओट्यावर कशी आणावी, या विचारातून त्याने ही कुपी काढली. १९७६ साली तिचे पेटंट झाले आणि १९८६ साली ती बाजारात आली. अमेरिकेत जॉन सिल्व्हन याने प्लॅस्टिकच्या कुपीची निराळी तऱ्हा काढली. आमचे यंत्र या दोघांपैकी कोणाच्याही कंपनीचे नाही, तिसऱ्याच कोणाचे आहे. पण वंश तोच.

यंत्र पाहायला पहिला आला तो शेजारी राहणारा माझा जुना विद्यार्थी. बेंबळ्याच्या बाजूला त्याचे शेत आहे, कापूस घेतो. त्याने यंत्राला एक प्रदक्षिणा घातली.

"गुरुजी, एका कपासाठी एवढं झ्यांगट कायले जी?"

मी त्याला दाबाचा नियम समजावला. त्याने कुपी हातात घेऊन विचारले, "केवढ्याची पडते?"

"साठ रुपये."

"अन् आत कॉफी किती?"

"पाच ग्रॅम."

वर्गात ज्याला मी त्रैराशिकासाठी दोनदा बाकावर उभे केले होते, त्या माणसाने क्षणभर छताकडे पाहिले आणि म्हणाला, "म्हंजे किलोले दोनशे कुप्या. बारा हजार रुपये किलो. गुरुजी, लांब धाग्याच्या कापसाचा औंदाचा हमीभाव आठ हजार एकशे दहा हाये. क्विंटलचा!"

हिशेब बिनचूक होता. २०२५-२६ च्या हंगामाचा भाव तोच. शंभर किलो कापूस विकून या कुप्यांमधली किलोभर कॉफीही हाती येत नाही. बरे, कॉफी पिकवणाऱ्यालाही त्या बारा हजारांतले फार मिळत असेल असे नाही. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या डोंगरावर कॉफी पिकते. इंग्रजांनी लावलेली ही झाडे. तिथल्या बियांना काय भाव येतो, हे त्या डोंगरावरच्या माणसाला विचारावे. पैसा बियांत नाही, कुपीत आहे.

मी त्याला कॉफी दिली. तो एका घोटात प्याला, कपात डोकावला आणि नम्रपणे म्हणाला, "झाली जी?"

यंत्राची खरी परीक्षा पुढच्या रविवारी झाली. धामणगावला गाडी पकडायला निघालेले सहा नातेवाईक दहा मिनिटांसाठी टेकले. मी मोठ्या रुबाबात बटण दाबू लागलो. एक कप झाला, कुपी काढली, दुसरी घातली. टाकी भरली. तिसऱ्या कपाला वीज गेली, पाच मिनिटांनी आली. चौथा कप उतरेतो पहिला निवला होता, आणि सहाव्या गृहस्थांनी घड्याळ पाहून आपण कॉफी पीतच नाही असे सांगितले. तेवढ्यात आतून जायफळाचा वास आला. सौ. नी त्या दुखऱ्या हातानेच पातेले चढवले होते. सर्वांना एकदम, वाफाळती, काठोकाठ!

पाहुणे गेल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "कोणी आलं तर आधण वाढवता येतं. त्या कुपीत काय वाढवणार?"

वापरलेल्या कुप्यांचा निराळाच संसार. प्लॅस्टिकच्या कुपीच्या कचऱ्याने खुद्द सिल्व्हनच खंतावला. आपण हे काढले याचे कधी कधी वाईट वाटते, असे त्याने २०१५ साली एका अमेरिकन मासिकाला सांगितले. आमची ॲल्युमिनियमची म्हणून मी पिशवीभर कुप्या भंगारवाल्यापुढे ठेवल्या. त्याने एक हुंगली आणि "आतला चिखल काढून द्या" म्हणून पिशवी परत केली. तेव्हापासून दर शनिवारी मी कुप्या फोडतो आणि चोथा गुलाबाच्या कुंडीत घालतो. यंत्राने वाचवलेला वेळ असा सत्कारणी लागतो.

इतके सांगून मी यंत्राला नावे ठेवून थांबलो असतो. पण एक गोष्ट राहिली.

भाद्रपदात सौ. ना ताप आला. पहाटे तीनला जाग आली तर त्या कण्हत होत्या. "काही गरम हवं का?" मी विचारले. "नको. तुम्हाला कुठे सापडणार," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. पाऊस पडतो आहे, असे सांगावे तसे सांगितले.

मी स्वयंपाकघरात गेलो. साखर कुठे, पातेले कुठे, काही ठाऊक नाही. बायकोचे घर, आणि मी त्यात चोरासारखा अंधारात चाचपडत होतो. शेवटी कुपी घातली, बटण दाबले, फ्रीजमधले दूध ओतले आणि कप घेऊन गेलो. त्या उठून बसल्या. कपाकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "कप कुठे सापडला?"

चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना दिलेला तो पहिला कप. तोही यंत्राच्या भरवशावर! त्या निमूटपणे प्याल्या. मला मात्र उजाडेपर्यंत झोप आली नाही, आणि त्याला कॉफी कारण नव्हती, कारण मी ती प्यालोच नव्हतो.

ताप उतरल्यावर मी शिकवणी लावली. सौ. स्टुलावर बसून सांगायच्या, मी करायचो. तीनदा दूध उतू गेले. एकदा साखरेच्या जागी मीठ पडले. विद्यार्थी मंद असला तरी शिक्षिकेने बाकावर उभे केले नाही. आता भरले पातेले मी उचलतो. जायफळाचे वळसे मात्र त्या माझ्या हाती अजून सोपवत नाहीत.

चिरंजीव दिवाळीला येणार आहेत. परवा फोनवर त्यांनी विचारले, "बाबा, यंत्र चालतंय ना? आईला आता ओट्याशी उभं राहावं लागत नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "अगदी नाही."

तेवढ्यात अंगणातून "गुरुजी, हायेत का घरी?" अशी हाक आली आणि आतून दुसरी, "अहो, कोणीतरी आलंय. आधण वाढवा!"

मी फोन ठेवला आणि पातेल्यात दोन कप पाणी वाढवले.