गहाण पडलेलं वऱ्हाड आणि शेजारचे छोटे देश

माझं गाव बीबी. तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा. नाव सांगितलं की हॉस्टेलमध्ये हशा ठरलेला, त्याची आता सवय झाली आहे. सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाताना वाटेत लागतं, एस.टी. थांबते, लोक चहा पितात आणि पुढे जातात. इतिहासाच्या पुस्तकात बीबीचं नाव शोधून सापडणार नाही. पण आमच्या गावावर हक्क कोणाचा, हा प्रश्न कधीकाळी हैदराबाद, कलकत्ता आणि लंडन अशा तीन ठिकाणी चर्चेला होता, हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून हा लेख.

निमित्त मात्र मालदीवचं आहे. २०२३ साली तिथे 'इंडिया आउट'च्या घोषणेवर मोहम्मद मुइझ्झू निवडून आले, मे २०२४ पर्यंत आपले सैनिक तिथून परतले, आणि आमच्या मेसमधल्या प्रत्येक टेबलावर परराष्ट्रमंत्री बसले! "एवढासा देश, आपलं खातो आणि चीनच्या मांडीवर जाऊन बसतो", हा सर्वसाधारण सूर. नेपाळबद्दलही हेच, श्रीलंकेबद्दलही हेच. मोठ्या देशाचे नागरिक म्हणून आपल्याला असं वाटणं स्वाभाविक आहे. पण मी वऱ्हाडातला आहे, आणि वऱ्हाडातल्या माणसाने तरी हे एवढ्या पटकन बोलू नये, असं माझं मत आहे.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या गावापासून जवळच साखरखेर्डा आहे. तिथे ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने दिल्लीच्या बादशहाचा सुभेदार मुबारिजखान याचा पराभव केला. मुबारिजखान लढाईत मारला गेला. हैदराबादचं राज्य खऱ्या अर्थाने सुरू झालं ते इथून. विजयाच्या आनंदात निजामाने गावाचं नाव फतेहखेर्डा केलं, पण लोकांनी साखर काही सोडली नाही.

हे राज्य नकाशावर मोठं दिसायचं, तरी ताकदीच्या हिशोबात ते मधलंच. पश्चिमेला मराठे, दक्षिणेला म्हैसूर, किनाऱ्यावर इंग्रज आणि फ्रेंच. मराठ्यांशी तर वऱ्हाडात विचित्रच प्रकार होता. नावाला मुलूख निजामाचा आणि वसुलीत वाटा नागपूरकर भोसल्यांचा. याला दोअमली म्हणत. म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या दारात दोन सरकारांची माणसं. तरी निजामाचं निभत होतं. मराठे अंगावर आले की इंग्रजांशी बोलायचं, इंग्रज जड झाले की फ्रेंच अधिकारी नोकरीला ठेवायचे. सगळे एकमेकांना घाबरून होते, त्यामुळे निजामाला कोणीही पूर्ण गिळू शकत नव्हता.

११ मार्च १७९५ ला खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला हरवलं. इंग्रज मदतीला आले नाहीत, त्यांचा गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर तटस्थ राहिला. निजाम चिडला आणि रेमंड या फ्रेंच सेनापतीची फौज त्याने वाढवली. इथपर्यंत डाव ठीक होता. पण मग वेलस्ली आला आणि सप्टेंबर १७९८ मध्ये तैनाती फौजेचा करार झाला. दहावीच्या परीक्षेत आपण सगळ्यांनी 'तैनाती फौज म्हणजे काय' हे चार गुणांसाठी लिहिलं आहे. प्रत्यक्षात तो प्रकार असा होता : इंग्रजांच्या सहा पलटणी हैदराबादेत राहणार, त्यांचा वर्षाचा सुमारे २४ लाख रुपये खर्च निजाम देणार, आणि फ्रेंचांना हाकलणार. पुढच्याच महिन्यात फ्रेंचांच्या हाताखालची ती फौज निःशस्त्र झाली. म्हणजे एक दुकान बंद.

नंतर काय झालं ते बघा. १७९९ साली टिपूविरुद्धच्या लढाईत निजामाची फौज इंग्रजांच्या बाजूने होती. टिपू संपला, निजामाला मुलखाचा वाटा मिळाला. पण १८०० साली तैनाती फौजेच्या खर्चापोटी तोच वाटा इंग्रजांना देऊन टाकावा लागला. दुसरं दुकान बंद, आणि नफा शून्य. १८०३ साली शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढले. आमच्या जिल्ह्याच्या शेजारी जालन्यात असई, तिकडे अकोल्याच्या बाजूला अडगाव, मग गाविलगड. भोसले हरले आणि वऱ्हाडातला त्यांचा वाटा इंग्रजांनी निजामाला दिला. दोअमली संपली, पूर्ण वऱ्हाड निजामाचं झालं. हैदराबादेत आनंदीआनंद झाला असणार! १८१८ मध्ये पेशवाईही गेली. निजामाचे सगळे वैरी संपले.

माझ्या मते निजाम हरला तो इथेच, आणि विशेष म्हणजे एकही लढाई न हरता हरला. भोवती दुसरा मोठा उरलाच नाही. जोपर्यंत मराठे, टिपू आणि फ्रेंच होते तोपर्यंत इंग्रजांना निजामाची गरज होती. त्याच्या मैत्रीला भाव होता, कारण ती दुसऱ्याला मिळू शकत होती. तीन वैरी संपवायला त्याने मदत केली आणि प्रत्येक विजयाबरोबर स्वतःचा भाव उतरवत नेला.

भाव उतरलेल्या मित्राचं काय होतं, त्याचा हिशोब रुपयांतच मांडता येतो. तैनाती फौजेशिवाय आणखी एक फौज हैदराबादेत उभी राहिली, तिला कंटिंजंट म्हणत. अधिकारी इंग्रज, पगार भरभक्कम, खर्च निजामाचा. शांततेच्या काळात ही फौज पोसायला निजाम कराराने बांधलेला आहे, असं प्रामाणिकपणे म्हणता येत नाही, हे खुद्द डलहौसीने लिहून ठेवलं आहे. तरी पगार चुकत नव्हता. तिजोरी रिकामी, म्हणून सावकार. सावकारही कोण, तर विल्यम पामर अँड कंपनी, आणि व्याज शेकडा चोवीसच्या आसपास. (आमच्या भागातल्या कोणालाही हा दर समजावून सांगावा लागणार नाही.) थकबाकी वाढत वाढत अर्ध्या कोटीच्या घरात गेली आणि मे १८५३ मध्ये निजाम नासिरुद्दौलाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८०३ ला इंग्रजांनीच दिलेलं, पन्नास वर्षांनी इंग्रजांनीच परत नेलं. कागदावर मालक निजाम, कारभार इंग्रजांचा, आणि शेतसारा भरणारे बीबी, मेहकर, लोणारचे लोक. त्यांना कोणी विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पुढचा भाग मला सगळ्यात बोचतो. १८५७ मध्ये निजाम इंग्रजांशी एकनिष्ठ राहिला. बक्षीस म्हणून १८६० मध्ये पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं, रायचूर आणि धाराशिवचा मुलूख परत मिळाला. वऱ्हाड मात्र नाही. कर्ज फिटलं तरी गहाणवट सुटेना! दिवाण सालारजंग १८७६ साली इंग्लंडला गेले, वऱ्हाडाची गोष्ट तिथे काढून पाहिली, हात हलवत परत आले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये भाड्यावर वऱ्हाड कायमचं लिहून घेतलं. त्यानंतर कंटिंजंट फौज इंग्रजांच्या भारतीय सैन्यात विलीन झाली. म्हणजे ज्या फौजेच्या पगारासाठी वऱ्हाड गेलं ती फौजच उरली नाही आणि वऱ्हाड तरी परत आलं नाही. शेवटच्या निजामाने पुन्हा मागणी केली तेव्हा १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने पत्र लिहून बजावलं की ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, बरोबरीच्या नात्याने वाद घालायचा नाही. १९३६ मध्ये समजूत म्हणून निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. हैदराबादचा युवराज वऱ्हाडचा राजपुत्र, आणि वऱ्हाडात त्याचा एक तलाठीसुद्धा नाही!

यावर आमच्या इतिहासप्रेमी सरांचा आक्षेप असा की, निजामापुढे दुसरा मार्गच नव्हता, चारी बाजूंनी घेरलेला होता. आक्षेप निम्मा खरा आहे. म्हणून त्याच काळातलं सयाम, म्हणजे आजचं थायलंड, बघूया. पश्चिमेला ब्रह्मदेशात इंग्रज, पूर्वेला इंडोचीनमध्ये फ्रेंच. सयामला मोकळी जागा जास्त होती हे कबूल. पण त्यांनी ती टिकवलीही. मुलूख त्यांचाही गेला : १८९३ मध्ये मेकाँगच्या पलीकडचा लाओस फ्रेंचांना, १९०९ मध्ये मलायातली चार संस्थानं इंग्रजांना. राजधानी आणि राज्य मात्र कोणाच्या हवाली केलं नाही. आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी लक्ष द्यावं अशी गोष्ट म्हणजे त्यांची रेल्वे. बँकॉकहून ईशान्येला कोराटपर्यंतची लाइन १९०० मध्ये पूर्ण झाली आणि रेल्वे खात्याचे प्रमुख अभियंते जर्मन होते. इंग्रजही नाहीत, फ्रेंचही नाहीत. राजाचा मुख्य सल्लागार बेल्जियमचा. आपण 'कमीत कमी निविदेला काम' शिकतो, पण रूळ कोण टाकणार हा प्रश्न तिथे परराष्ट्र खात्याचा होता.

आमच्याकडे रेल्वे आली ती इंग्रजांना कापूस हवा होता म्हणून. मलकापूर, शेगाव, नंतर खामगावची शाखा. जिथे त्यांचा कापूस तिथे रूळ. खामगाव–जालना रेल्वेची मागणी माझ्या पणजोबांच्या काळापासून आहे. सर्व्हे किती झाले त्याची गणती नाही, आमच्या बाजूला रूळ अजून पडायचे आहेत.

बरं, मग लहानाने सारखी बाजू बदलत राहावं का? तर तसंही नाही, आणि याचंही उदाहरण आमच्याच रस्त्यावर आहे. सिंदखेडचे लखुजीराजे जाधव, जिजाऊंचे वडील. एका बाजूला अहमदनगरची निजामशाही (हे निजाम वेगळे, घोटाळा करू नये), दुसऱ्या बाजूला मोगल. लखुजीराजे निजामशाहीतून मोगलांकडे गेले, मोठी मनसब मिळाली, काही वर्षांनी पुन्हा निजामशाहीत परतले. त्यांच्या पराक्रमाबद्दल प्रश्नच नाही. पण २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेत दरबारात बोलावून त्यांना, दोन मुलांना आणि नातवाला दग्याने मारण्यात आलं. सिंदखेडराजाला त्यांची समाधी आहे, १२ जानेवारीला गेलात तर जरूर बघा. दोन्ही दारं उघडी ठेवणं वेगळं आणि स्वतः या दारातून त्या दारात जाणं वेगळं, एवढा फरक मला त्यात दिसतो. त्यांच्या नातवाने, शिवाजी महाराजांनी, तो ओळखला होता. आदिलशाहीशी आणि मोगलांशी वेळ पडली तेव्हा तह केले, पुरंदरला १६६५ मध्ये २३ किल्ले सोडले, पण १२ स्वतःकडे ठेवले. पुढचं सगळं त्या बाराच्या जोरावर.

आता परत मालदीवकडे. मुइझ्झू चीनला जाऊन आले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत येऊन चलन अदलाबदलीचा करारही करून गेले. मेसमधले परराष्ट्रमंत्री म्हणाले, "बघा, आला ना वठणीवर!" मला ते वठणीवर येणं वाटत नाही. दोन दुकानं चालू आहेत, भाव विचारणं चालू आहे. निजामाने जे १७९८ नंतर बंद केलं तेच. नेपाळचंही तसंच. २०१५ मध्ये सीमेवर ट्रक अडले, आपण म्हणालो ती नाकेबंदी नाही, त्यांच्या घरात गॅस नव्हता. मार्च २०१६ मध्ये त्यांनी चीनशी वाहतुकीचा करार केला. हिमालय ओलांडून माल आणणं परवडत नाही हे त्यांनाही कळतं. पण त्या कागदामुळे आपल्याशी बोलताना त्यांच्या हातात काहीतरी असतं. श्रीलंकेने २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीला दिलं. त्याला सरसकट कर्जाचा सापळा म्हणणं वादग्रस्त आहे, कारण कर्ज इतर देशांचं आणि रोख्यांचंही भरपूर होतं. तरी ९९ वर्षं हा आकडा वाचला की मला १९०२ आठवतं.

चीन नको म्हणून या देशांनी पूर्णपणे आपल्याकडेच यावं, अशी आपली इच्छा असते. देश म्हणून ती चुकीची नाही. पण तसं झालं तर त्यांच्या मैत्रीची किंमत आपण किती दिवस देऊ? हा प्रश्न काठमांडूत आणि मालेत बसलेला माणूस रोज स्वतःला विचारत असणार. त्याला कृतघ्न म्हणण्याआधी हैदराबादचा हिशोब एकदा त्याच्या जागेवरून बघावा, एवढंच माझं म्हणणं.

इलेक्ट्रिकलच्या मित्रांसाठी शेवटी एक ताजी गोष्ट. नेपाळकडे पाण्यावरची वीज पावसाळ्यात उरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बांगलादेशाला ४० मेगावॅट विकायचा करार झाला. तो नेपाळ आणि बांगलादेश अशा दोघांतला नाही, तिघांतला आहे. कारण वीज जाते आपल्या ग्रीडमधून. शिवाय ज्या प्रकल्पात चिनी पैसा किंवा चिनी कंपनी आहे त्याची वीज आपण घेत नाही. त्यामुळे नेपाळात धरणाचं कंत्राट काढताना अभियंत्याला पाण्याचा हेड आणि प्रवाह मोजून भागत नाही, ठेकेदाराचा पासपोर्टही बघावा लागतो.