आवाज न करणारी गोळी आणि उसातला बिबट्या

नगर जिल्ह्यातल्या माणसाला बंदुकीच्या आवाजाचे अप्रूप नाही. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर ही लष्कराची दोन मोठी केंद्रे शहराला लागून आहेत. खारे कर्जुने या गावावरून ओळखले जाणारे के. के. रेंज हे सरावाचे मैदान तर नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतल्या गावांच्या अगदी उशाशी आहे. तोफ कोणती उडाली आणि मशिनगनची फैर कोणती झडली, हे तिकडची शाळकरी पोरेही सांगतात. (जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले; बोलण्यात अजून नगरच आहे, म्हणून इथेही तसेच लिहितो.)

आवाजाची एवढी सवय असलेल्या या मुलखात मला अलीकडे एक चमत्कारिक प्रश्न वारंवार ऐकायला मिळतो. 2025 च्या नोव्हेंबरात, जिल्ह्याच्या सीमेलगत शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड येथे वनखात्याच्या नेमबाजांनी एका बिबट्याला गोळी घातली. त्याआधी महिनाभरात तिथे तीन जणांचे बळी गेले होते. बेशुद्धीच्या औषधाचा डार्ट आधी मारून पाहिला, तो लागला नाही, आणि मग गोळी चालवावी लागली. तेव्हापासून प्रवरेच्या, मुळेच्या आणि कुकडीच्या पाण्यावरच्या ऊसपट्ट्यात लोक विचारतात : "अहो, सिनेमात दाखवतात तशी आवाज न करणारी गोळी असते ना? मग ती का नाही वापरत? बिबट्या बिथरणार नाही, गावात पळापळ होणार नाही."

ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्यांच्या तोंडून हा प्रश्न आला की झटकून टाकता येत नाही. शिवाय तशी गोळी खरोखरच अस्तित्वात आहे. तिला सबसोनिक, म्हणजे ध्वनीहून मंद गोळी म्हणतात. ती उसाच्या फडात का चालणार नाही, हे समजायचे तर मुळात रायफलचा आवाज कशाकशाचा असतो हे पाहिले पाहिजे.

काडतुसाचे भाग चारच. पितळेची पुंगळी, बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की दारू पेटते, तिचा वायू गोळीला नळीतून ढकलतो आणि गोळीपाठोपाठ स्वतःही बाहेर झेपावतो. नळीच्या तोंडाशी होणारा धडाका हा त्या वायूचा. सायलेन्सर नावाची नळकांडी या वायूला कोंडून, थंड करून हळूहळू सोडते, त्यामुळे हा धडाका पुष्कळ कमी होतो. पण सैन्याच्या नेहमीच्या रायफलीचा दुसराही एक आवाज असतो, आणि त्याला नळकांडी काही करू शकत नाही.

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. आपल्या सैनिकांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे असलेल्या इन्सास रायफलीची गोळी सेकंदाला 900 मीटरच्या आसपास जाते, तर 7.62 मिलिमीटरची मोठी गोळी 840 च्या. ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेगाने जाणारी वस्तू हवेला बाजूला सरायला सवड देत नाही. हवा तिच्यापुढे दाबली जाते आणि त्या दाबाची लाट गोळीच्या वाटेवर सगळीकडे चाबकासारखी कडाडते. स्वनातीत विमान डोक्यावरून गेल्यावर खिडक्यांची तावदाने हादरतात, तोच हा प्रकार लहान प्रमाणावर. गोळीच्या वाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाला हा 'कडाड' आधी ऐकू येतो आणि नळीचा 'धड' मागाहून. तीनशे मीटरवरून गोळी झाडली असेल तर दोन्हींत सुमारे अर्ध्या सेकंदाचे अंतर पडते. या अंतरावरून शत्रू किती दूर आहे याचा अंदाज बांधायला सैनिकांना शिकवतात. नवख्याची मात्र फसगत होते, कारण कडाड जिथून आल्यासारखा वाटतो तिथे बंदूकवाला नसतोच.

आता सबसोनिक गोळीची युक्ती लक्षात येईल. गोळी ध्वनीहून मंद ठेवली, सेकंदाला 300 ते 320 मीटर, की कडाड निर्माणच होत नाही. उरतो तो नळीचा धडाका, आणि त्याचा बंदोबस्त नळकांडी करते. ही जोडी असेल तरच 'शांत' बंदूक होते. नुसत्या नळकांडीवर नेहमीचे काडतूस चालवले तर धडाका कमी होईल, कडाड कायम राहील. मंद गोळी नळकांडीशिवाय झाडली तरी बार ऐकू येणारच. शिवाय या 'शांत' शब्दालाही मर्यादा आहे. रायफलीच्या बाराची पातळी 160 डेसिबलच्या घरात असते, आणि चांगली नळकांडी त्यातून वीस-तीस डेसिबल वजा करते. पडद्यावरची ती 'फुस्' ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची करामत आहे.

वेगाची ही सीमाही स्थिर नसते. हवा तापली की ध्वनी वेगाने धावतो. नगरच्या मे महिन्यातल्या दुपारी, 40 अंशांवर, त्याचा वेग 355 मीटरपर्यंत चढतो आणि डिसेंबरच्या पहाटे 337 पर्यंत उतरतो. सेकंदाला 345 मीटर जाणारी गोळी उन्हाळ्यात गुपचूप जाईल आणि हिवाळ्यात कडाडेल. म्हणून काडतूस बनवणारे सीमेच्या बरेच खाली थांबतात.

मात्र या शांततेची किंमत मोजावी लागते. गोळीचा मारा तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. साडेनऊ ग्रॅमची 7.62 ची गोळी नळीतून निघते तेव्हा तिच्यात सुमारे 3,300 जूल ऊर्जा असते. तिची सबसोनिक बहीण मुद्दाम जड, तेरा ग्रॅमच्या आसपास, केलेली असते. तरीही तिची ऊर्जा 600 जूलच्या थोडी वर, म्हणजे पाचव्या हिश्शाहून कमी. नेमाचेही तेच. वेगवान गोळी शंभर मीटरवर सात-आठ सेंटिमीटर खाली येते, मंद गोळी अर्धा मीटर. दोनशे मीटरवर पहिली फूटभर खाली, तर दुसरी दोन मीटरहून अधिक. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी भलतीकडे. त्यात आपोआप पुढचे काडतूस भरणाऱ्या रायफली वायूच्या दाबावर चालतात. दारू कमी, दाब कमी, आणि यंत्रणा अर्ध्यावर अडकते.

मग ही गोळी कोणाच्या कामाची? जवळून, अंधारात आणि ठावठिकाणा लागू न देता काम करणाऱ्या कमांडोंच्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी .303 च्या ली-एनफिल्ड रायफलीवरून डी लाइल कार्बाइन बनवली, तेव्हा तिच्यात मुळातच मंद असलेले .45 चे पिस्तुलाचे काडतूस घातले होते. रशियनांनी पुढे व्हिंतोरेझ ही रायफल सोळा ग्रॅमच्या अवजड, मंद गोळीभोवती आखली.

आणि ही गोळी आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेच्याही कामाची! पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या मुलाने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. ते .22 च्या चिमुकल्या काडतुसावर. या स्पर्धांत वापरायची .22 ची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची आणि जवळजवळ नेहमी ध्वनीहून मंद असते. तिथे आवाज लपवायचा नसतो. वेगवान गोळी वाटेत मंदावून ध्वनीच्या वेगाची सीमा ओलांडते तेव्हा हवेच्या धक्क्याने किंचित डगमगते, आणि दहाच्या वर्तुळाचा मध्य गाठायचा असताना तेवढे डगमगणेही परवडत नाही. म्हणून ती सीमा ओलांडायचीच नाही.

पण कागदी लक्ष्य उलटून अंगावर येत नाही. बिबट्या येतो. अर्ध्या मारात जखमी होऊन फडात शिरलेला बिबट्या हा त्या गावावरचा सर्वांत मोठा धोका, हे अनुभवी शिकारीही सांगत आले आहेत आणि वनकर्मचारीही सांगतील. आत शिरून त्याला शोधणारा माणूस दोन हातांवरचेही पाहू शकत नाही. बिबट्याला मारण्याची वेळ आलीच, तर ते एका गोळीत व्हायला हवे, आणि ते बळ मंद गोळीत नसते. शिकारीच्या अनेक गोळ्या तर शरीरात शिरल्यावर फुलण्यासाठी वेगावरच अवलंबून असतात. वेग नसेल तर त्या नुसते भोक पाडून जातात.

डार्ट हेही मंदगती अस्त्रच, गोळीहून कितीतरी हळू जाणारे. त्याने इजा करायची नसते, औषध पोचवायचे असते. पण त्याला तीस-चाळीस मीटरांच्या आत जावे लागते, आणि औषध भिनायला दहा-पंधरा मिनिटे लागू शकतात. तेवढ्या वेळात जनावर कुठे जाईल हे जमावाच्या वागण्यावर ठरते. मला विचाराल तर आपल्याकडच्या फसलेल्या मोहिमांत बंदुकीच्या आवाजापेक्षा बघ्यांचा कालवा अधिक नडतो. विद्या अत्रेय यांनी अकोले भागात केलेल्या अभ्यासाने दाखवले आहे, की हे बिबटे माणसांच्या वस्तीत पिढ्यानपिढ्या राहतात आणि त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो. आपले आवाज त्यांना नवे नाहीत.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे, कारण 'मिळत असेल तर आम्हीच घेतो' असे म्हणणारेही भेटतात. आवाज वा ज्वाला कमी करणारे जोडसाधन शस्त्रनियमांनी निषिद्ध गटात टाकले आहे. साधा परवाना असणाऱ्याला ते बाळगता येत नाही. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशावाचून त्याच्यावर कोणालाही बंदूक चालवता येत नाही. ही बंदी मला रास्त वाटते. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीच्या अभयारण्यात काळवीट आहेत, आणि रात्री झालेला बार कोणीतरी ऐकतो, वनरक्षकाला कळवतो. 'शांत' बंदूक सर्रास झाली तर ही राखण संपेल.

एका गैरसमजाकडे मात्र वारंवार दुर्लक्ष होते. मंद म्हणजे निरुपद्रवी, असे अनेकांना वाटते. .22 च्या काडतुसांच्या खोक्यांवर मैलभरापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो, आणि उसाचे पाचट कोणतीच गोळी अडवत नाही. फडाच्या पलीकडे वस्ती, रस्ता, मेंढपाळाचा वाडा काहीही असू शकते. म्हणून नेमबाजाने आधी पाहायचे ते बिबट्याच्या मागे काय आहे, मातीचा बांध की कोणाचे घर. गावकऱ्यांना मदत करायचीच असेल तर ती इथे आहे : पलीकडची वस्ती रिकामी करून देणे, रस्ता दोन्ही बाजूंनी अडवणे आणि मोबाइल घेऊन बांधावर चढलेल्या पोरांना खाली उतरवणे.